देवीची एक

“भिऊ नको. ह्यांच्या हातून बांगडी वाढत न्हाई,” असं तो आपल्या पुतणीला म्हणाला आणि माझ्या हातातला तिचा हात मला एकाएकी जड झाला. आज सकाळची गोष्ट. नागपंचमी चार दिवसांवर आलेली, बीडच्या आमच्या कासारगल्लीत खेड्यापाड्यांच्या बायकांची झुंबड, ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि मी आपला नेहमीसारखा मान खाली घालून हातामागून हात भरत बसलेलो. बांगडी फुटली असं आमच्या दुकानात कुणी बोलत नाही. फुटलेली बांगडी वाढली म्हणायची, हे शेंबडं पोरदेखील जाणतं. तेव्हा त्याच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. बद्रीनाथ कासाराच्या हातून बांगडी वाढत नाही, हे नेकनूरपासून केजपर्यंत सगळेच म्हणतात. पण कौतुकानं म्हणतात, नाहीतर घाबरलेल्या पोरीला धीर द्यायला म्हणतात. ह्यानं ते माझ्याकडे बघून म्हटलं. मी मान वर केली. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मळकं मुंडासं, पंचेचाळिशीचा धनगर. चेहरा ओळखीचा वाटला नाही, आणि त्यात नवल नाही, कारण चेहरे मी बघतच नाही. मग त्याचा डावा हात दिसला. काठीच्या टोकावर ठेवलेला. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या आतल्या अंगाला, नखाएवढा पांढरा वण. तो वण माझा आहे. मी केलेला.

सतरा वर्षांपूर्वी ह्या हाताला मी बाईचा हात म्हणत होतो. सटवा हे तिचं नाव, आणि तेव्हा मी तिला ती म्हणायचो. नुसतं दुकानात नाही, मनातही. आज मी ‘तो’ म्हणतोय, कारण आज तो धोतर नेसून बसलाय, आणि ते धोतर त्याला नेसवण्यात माझा हात आहे. तेव्हाची ती आणि आजचा तो, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सरळ आहे. फार सरळ आहे, हेच तर दुखणं आहे.

आमचा बाप मला पेटाऱ्याशी बसवायचा तेव्हा पहिलं एकच शिकवलं: तोंडाकडं बघायचं न्हाई, हाताकडं बघायचं. परक्या बाईचा हात हातात धरायची मुभा गावात एकट्या कासाराला. नवऱ्यासमोर धरतो, सासऱ्यासमोर धरतो, कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. का, तर आमचा हात हा हातच नव्हे. सांडशीला कुणी लाजतं का, तसं. बाप हे अभिमानानं सांगायचा. मला ते ऐकून लहानपणीच कसंतरी व्हायचं, पण मी शिकलो. हात मळायचा, करंगळी आणि अंगठा जवळ आणायचा, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आत दाबायचा, आणि हात ढिला पडला त्या क्षणी बांगडी पुढं सारायची. एक क्षण असतो तो. हाताच्या धनिणीला कळत नाही, कासाराला कळतो. खुरप्याचा हात, जात्याचा हात, शेणात गेलेला हात, पाटलिणीचा लोण्यासारखा हात, सगळे मी डोळे मिटून सांगायचो. आणि दुकानाची आजोबांपासूनची एक रीत: बारा भरून झाल्या की तेरावी हिरवी, आपल्या मनानं चढवायची. तिला आम्ही देवीची एक म्हणतो. ती मात्र मापाला घट्ट लागते. एकदा चढली की उतरत नाही.

बावीस वर्षांचा होतो मी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा आली. ओटा रिकामा झाल्यावर आली, पदर नाकापर्यंत ओढलेला, गळ्यात कवड्यांची माळ, काखेत देवीची परडी, म्हणजे आराधीण. तिनं हात पुढं केला आणि मला कळलं. तर्जनीच्या कडेला लोकर कातून पडलेला घट्टा, पंजा रुंद, मनगटाची हाडं वर आलेली. “बसंल का?” तिनं विचारलं. आवाज खालचा. मी म्हणालो, “बसंल. ढिला सोडा.” ढिला सोडायला तिला किती वेळ लागला! असा भ्यालेला हात मी त्याआधी धरला नव्हता. साबणाचं पाणी घेतलं, तेल घेतलं, मळत राहिलो. बाजारात लोक येत-जात होते, समोर बोहऱ्याच्या दुकानात माप चाललं होतं, आणि माझ्या दोन हातांत तो हात हळूहळू विरघळत गेला. बारा चढल्या. तेरावीही चढली. एकही वाढली नाही. ती उठून गेल्यावर मी कितीतरी वेळ पुढचा हात घेतला नाही. मला वाटलं, आपल्याला ताप आलाय.

पुढं पुढं सगळं कळलं. नेकनूरकडच्या माळावरची धनगराची ती. सातव्या वर्षी केसांत जट आली. त्याआधीपासूनच पोरींत खेळतो, पोरींसारखा चालतो म्हणून गावानं पोराला फोडून काढलं होतं. जट दिसली तसा थोरला भाऊ आश्रुबा त्या जाचातून सुटला. देवीला सोडून दिलं, कवड्यांची माळ घातली, चौदाव्या वर्षी लुगडं दिलं, आणि गावाची तोंडं बंद झाली. ज्यांनी शेण मारलं तेच मंगळवारी-शुक्रवारी पायावर डोकं ठेवायला लागले. बुधवारी पुन्हा मागून शीळ घालायचेच, ती गोष्ट वेगळी. देवीचं म्हटलं की गाव माणसाला मारत नाही, आणि माणसात घेतही नाही. सटवा हे हसून सांगायची. वर्षातून एकदा, तेरा बांगड्या चढेपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढंच. नऊ नवरात्रं. त्या नऊ वर्षांत मी तिच्या हाताशिवाय कशाला शिवलो नाही, चेहरा धड पाहिला नाही, आणि तरी सांगतो, माझं लग्न झालेलं होतं, घरात बायको होती, आणि मी भाद्रपद लागला की दिवस मोजायचो. ह्याला काय म्हणायचं ते म्हणा. मी कधीच काही म्हटलं नाही. उलट दर वर्षी मला वाटायचं, एकदा, फक्त एकदाच, तिचा हात आपणहून माझ्या हाताला धरील. तो ढिला पडायचा, विसावायचा, पण धरायचा नाही. ती शहाणी होती.

गल्ली काय आंधळी नव्हती. शेजारचा बंकट कासार, जातीत मोठा पंच म्हणून मिरवायचा, तो माझ्या ओट्यावर येऊन सुपारी कातरत विचारायचा, “काय बे बद्री, तुझी गवळण औंदा कावून आली न्हाई अजून?” चारजण हसायचे. मीही हसायचो. हसण्याची मला आधीपासून चांगली सवय. एकदा मात्र त्यानं हसू गिळून सांगितलं, “आपल्या बाया ज्या पाटावर बसत्यात, त्या पाटावर तू त्याला बसवतो. जातीत बोलनं झालंय. पंगतीतून उठवलं तर आमाला नाव ठेवू नको.” त्या वर्षी मी तिला पाटावर बसवलं नाही, गोणपाट टाकलं. ती गोणपाटावर बसली, आणि हात नेहमीपेक्षा लवकर ढिला सोडला, माझी सुटका लवकर व्हावी म्हणून. अशा वेळी माणसाला लाज वाटायला हवी. मला बरं वाटलं.

त्याच्या पुढच्याच नवरात्रात ते झालं. हैदराबादेहून कायदा निघालाय असं लोक बोलत होते: बाईच्या वेषात हिंडणाऱ्या पुरुषांची नावं सरकारी वहीत चढवायची, रस्त्यात नाचताना-गाताना सापडला की धरायचा. कायदा कुठल्या शहराला आणि कुठल्या माणसांना होता कोण जाणे, पण आमच्या भागात नवा आलेला पोलिसांचा अमीन कामाला उतावीळ होता. नेकनूरच्या अलीकडं माळावर देवीचं ठाणं आहे, तिथं अष्टमीला जत्रा भरते. मी पेटारा घेऊन गेलो होतो, बंकटही होता. दुपारी अमीन चार जवान घेऊन आला आणि आराध्यांच्या मेळ्यापुढं उभा राहून म्हणाला, यातले मर्द कोण ते उठा. मेळ्याची म्हातारी कडूबाई. तिनं नुसता हात केला, आणि सगळ्या मेळ्यानं पदर तोंडावरून पार गळ्यापर्यंत ओढून घेतले. बाया आणि त्यांच्यातले सटवासारखे चौघे, सगळ्या एकसारख्या. मग मी आयुष्यात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. दर्शनाला आलेल्या कुणब्यांच्या बाया, धनगरणी, एकेक करून येऊन त्यांच्यात बसल्या आणि तोंड झाकून घेतलं. शेवटी पाटलीण चंद्रभागाबाई उठल्या. पाटील ‘अहो, अहो’ करतोय तोवर त्या मधोमध जाऊन बसल्या. बत्तीस जणी झाल्या. आता पदराला हात कोण घालणार? कुठल्या पदराखाली पाटलीण निघेल काय सांगावं! अमीन घामानं डबडबला. मला आतून इतका आनंद झाला, की मी तोंडावर फडकं धरलं.

तेवढ्यात बंकट पुढं झाला. “सरकार,” तो म्हणाला, “पदर कशाला काढता? हात बघा. बाईचा हात धराया कासाराला कुनाची मनाई न्हाई. आन् आमचा बद्री हाय की, त्याला त्यातले हात लई ठावं हायत.” लोक हसले. पाटलाला विचारलं, तर पाटील म्हणाला, कासाराचं काय, धरू द्या. माझा हात म्हणजे हातच नव्हे ना. अमीन मला म्हणाला, “सबके हात में एक एक चूडी भर. जो मर्द है उसका हात बिना चूडी के छोड. बाकी हम देख लेंगे.”

मी दोरीत ओवलेल्या बांगड्या घेतल्या आणि ओळीच्या टोकाशी बसलो. आता कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पण बसताना माझं ठरलं होतं. बत्तीसही हात भरायचे. पदराखालून पहिला हात आला, खुरप्याचा, भरला. दुसरा, तिसरा. पाचवा त्या चौघांतल्या मुंजाजी सुताराचा होता, वाकसाचा घट्टा पार तळव्यापर्यंत; मी हूं का चूं न करता बांगडी चढवली आणि पुढं सरकलो. जवानानं बोट मोडलं: औरत. पुढं आणखी दोन तसेच. माझे हात असे चालत होते जसे कधी चालले नव्हते. मधे लोण्यासारखा हात आला, पाटलीणबाईंचा, त्यांच्या बोटांनी माझ्या बोटाला हळूच टोचलं: असंच, असंच. मला रडू यायला झालं. वाटलं, मी सांडशी नाही. ह्या बत्तीस जणींत मी तेहतिसावा आहे.

एकोणिसावा हात सटवाचा. मी धरला, मळला, करंगळी आणि अंगठा जवळ आणला. हात आधीच ढिला होता, भीती नावालाही नव्हती. आणि मग त्या हातानं माझा हात धरला. बोटं मिटली, अंगठा माझ्या तळव्यात येऊन राहिला, घट्ट. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते त्या माळावर, चार जवानांसमोर, भर उन्हात मला मिळालं. तिला काय सांगायचं होतं? उपकार झाले म्हणायचं असेल. किंवा नुसतंच धरायचं असेल, कारण तिलाही कळलं असेल, की आता दुकानावर येणं पुन्हा होणार नाही. मला सुख झालं, आणि त्या सुखाच्या पाठीवरच भीती आली. वाटलं, हे सगळ्यांना दिसतंय. बंकट ओरडलाच, “बघा बे, हात कसा सोडवत न्हाई त्याला!” हशा उसळला. त्या हशात जवान होते, पाटलाचे गडी होते, माझ्या जातीचे सात-आठजण होते. उद्या पंगत, परवा पोरीची सोयरीक. मी दाबलं. अंगठ्याच्या बुडाशी, जिथं दाबायचं नसतं तिथं, जो क्षण नव्हता त्या क्षणी, जेवढं बळ होतं तेवढं. काच तडकली आणि अर्धी तिच्या मनगटात गेली. तिनं आवाज केला नाही. हात सोडलाही नाही. मीच माझी बोटं सोडवून घेतली.

“नहीं चढती?” अमिनानं विचारलं. मी काही बोललो नाही. एवढं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, की मी एक शब्द बोललो नाही. दोरीत बांगड्या होत्या. दुसरी घ्यायची, चढवायची, म्हणायचं, वाढली सरकार, काच कच्ची होती. मी रक्त धोतराला पुसलं आणि विसाव्या हातापुढं जाऊन बसलो. ह्याहून जास्त मी काहीच केलं नाही. उरलेले हात अचूक भरले.

तिला उठवलं, पदर काढला, लुगडं फेडलं. कवड्यांची माळ तुटून कवड्या धुळीत गेल्या, त्या वेचायला लोक धावले, देवीच्या म्हणून. जट कापायची कुणाची छाती होईना, तेव्हा अमिनानं जत्रेत घोंगड्या विकायला बसलेल्या आश्रुबालाच बोलावून आणला आणि मेंढ्यांची कातर हातात दिली. भावानं कापली. कापताना तो रडत होता आणि तरी तिच्यावरच मान नीट धर, मान नीट धर म्हणून खेकसत होता. लोकांना आता हसायला खरोखरीचं काही मिळालं होतं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! मीही हसलो. हसता हसता माझी नजर कडूबाईवर गेली. बाया आपापल्या बांगड्या भरलेल्या हातांनी पदर धरून बसल्या होत्या, ती मात्र तोंड उघडं टाकून माझ्याकडं आली. मला वाटलं थुंकेल. ती म्हणाली, “दुसरी बांगडी हुती की रं तुझ्याकडं.” एवढंच, आणि गेली.

त्या दिवसानं माझं भलं झालं. जातीच्या पंगतीत मला पहिल्या पाटावर बसवलं, बंकटनं स्वतःच्या हातानं वाढलं. खऱ्या बाईचा हात ओळखणारा कासार म्हणून नाव झालं; लांबलांबच्या सासवा नव्या सुनेला मुद्दाम माझ्याकडं घेऊन येऊ लागल्या. फक्त घरी एक झालं. त्या संध्याकाळी रुक्मिणीबाईनं, माझ्या बायकोनं, पाय धुवायला पाणी ठेवलं आणि धोतरावरचं रक्त बघून विचारलं, “तुमाला लागलं का?” मी म्हणालो, “न्हाई. सटवाला.” तिनं तांब्या खाली ठेवला. “नऊ वर्सं त्या हाताला ओरखडा आला न्हाई,” ती म्हणाली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं आणि ती कधी बोलली नव्हती. त्या दिवसापासून आजतागायत तिनं माझ्या हातून बांगडी भरली नाही. कासाराची बायको बंकटच्या बायकोकडं जाऊन हात भरते. गल्ली त्यालाही हसते.

आणि आज सकाळी तो पुतणीला घेऊन आला. सतरा वर्षं भावाच्या घरी मेंढ्या राखतो, नाव सरकारी वहीत आहे, लुगडं नेसला तर भावाला तुरुंग, हे मला उडत उडत कळलेलं होतं. पोर चौदा-पंधराची, छबू नाव, सासरी जायच्या आधीची तिची शेवटची पंचमी. पहिल्यांदाच कासारापुढं बसली होती, म्हणून भ्यालेली. हात तसाच होता. घराण्याचाच हात, रुंद पंजा, कातायचा घट्टा नुकता धरायला लागलेला. मी तो कसा भरला ते मला माहीत नाही. माझे हात आपल्या आपण चालत राहिले. त्याची नजर माझ्या हातांवर होती. मला सारखं वाटत होतं, आता बोलेल. चार बायकांसमोर बोलेल. बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते, खोटं सांगत नाही. का वाट बघत होतो नाहीतर मी? बारा चढल्या. एकही वाढली नाही. आणि सवयीनं माझा हात तेरावीकडं गेला, आणि ती हिरवी मी चढवलीसुद्धा.

“ती एक जास्तीची हाय,” तो म्हणाला.

“देवीची,” मी म्हणालो. “दुकानाची रीत हाय.”

“आमच्या घरात देवीचं काही ऱ्हायलं न्हाई आता. काढा ती.”

“ती उतरायची न्हाई. मापाला घट्ट असती ती...”

“मंग फोडा.”

ओट्यावरच्या बायका चपापल्या. एकजण म्हणाली, “आगं बाई, सणासुदीचं काय बोलनं हे मानसाचं!” पोरगी काकाकडं बघायला लागली. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला, तिच्या कोपराखाली आपला हात दिला आणि म्हणाला, “हालू नको छबे. ढिला सोड. त्यांला येती फोडाया.”

मी फडक्याची घडी केली आणि बांगडीखाली सरकवली. हात मळला. तो ढिला पडायचा क्षण आला, मला तो नेहमीसारखाच कळला, आणि मी दोन बोटांत धरून दाबलं. तेरावी बांगडी दोन सरळ तुकडे होऊन माझ्या तळव्यात पडली. बाकीच्या बारांना धक्का लागला नाही. त्यानं पोरीचं मनगट उचलून उजेडात धरलं, बांगड्या मागं सारल्या, उलटसुलट करून अंगठ्याच्या बुडाशी पुन्हा पुन्हा बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता.

“म्हंजी येतं की तुमाला,” तो म्हणाला, आणि पोरीला घेऊन ओट्यावरून उतरला. पुढची बाई केव्हाची हात पुढं करून बसली होती.